पडद्यावरची महिला तपास अधिकारी पंचनामा कधी लिहिणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महिला पोलीस अधिकारी नायिका असलेल्या गुन्हेतपासाच्या मालिकांविषयी जो विस्तृत लेख प्रसिद्ध झाला, तो मी लक्षपूर्वक वाचला. अशा मालिकांना प्रेक्षक मोठ्या संख्येने लाभत आहेत आणि मराठीतही त्यांची दर्जेदार निर्मिती व्हावी, हे लेखातील म्हणणे मला मनापासून पटते. मात्र नायिकेच्या कणखरपणाचे, तिच्या नजरेतील जरबेचे आणि तिच्या खासगी आयुष्यातील दुःखाचे लेखात जेवढे कौतुक आहे, त्याच्या दहावा हिस्साही मजकूर तिच्या तपासाविषयी नाही. हा दोष लेखकाचा नव्हे. बहुतेक मालिकांतच तपास इतका थोडा असतो की, त्यावर लिहावे तरी काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. या उणिवेकडे आपले आणि आपल्या वाचकांतील मालिकाकर्त्यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

माझी नोकरी मुंबईच्या सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून झाली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, न्यायाधीश त्याचे म्हणणे नोंदीसाठी सांगतात आणि लघुलेखक ते टंकित करतो. खून, दरोडे, अपहरणे यांचे तपास मी घटनास्थळी कधीच पाहिले नाहीत. ते मी पाहिले ते त्यांच्या अखेरच्या मुक्कामी, जिथे बचाव पक्षाचे वकील प्रत्येक कागद उलटासुलटा करून पाहतात आणि दोन तारखांमध्ये एक दिवस जरी बेहिशेबी राहिला, तरी त्यावरून तासभर उलटतपास घेतात. तपास अधिकारी हा बहुधा सरकार पक्षाचा शेवटचा साक्षीदार असतो. आधीच्या साक्षीदारांनी जे सांगितले, जे गाळले आणि जे फिरवले, त्या सगळ्याचा जाब अखेर त्याला द्यावा लागतो. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात त्या पिंजऱ्यात महिला अधिकारी अधिकाधिक दिसू लागल्या. त्यांची साक्ष टंकित करताना मला वारंवार वाटत असे की, गुन्हेतपासाची खरी मालिका इथे घडते आहे आणि ती पाहायला कोणीही मालिकाकार हजर नाही.

पडद्यावर सध्या काय दिसते, ते थोडक्यात सांगते. नायिकेची बहीण किंवा मुलगी पूर्वी कधीतरी गुन्ह्याला बळी पडलेली असते. वरिष्ठ तिच्या विरोधात असतात. चौथ्या-पाचव्या भागात तिला निलंबित केले जाते, तरीही ती एकटीच, कोणालाही न सांगता, एखाद्या बंद गिरणीत किंवा गोदामात शिरते. शेवटच्या भागात ती आरोपीच्या कानफटात मारते, तो घडाघडा कबुली देतो आणि मालिका संपते. निर्मात्यांच्या लेखी इथे गुन्ह्याचा उलगडा झालेला असतो. न्यायालयाच्या लेखी इथवर काहीही झालेले नसते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो कायम आहे. म्हणजे ज्या थपडेवर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, तिने आरोपीचे काहीच बिघडत नाही. उलट, मारहाणीची वैद्यकीय नोंद झाली तर सबंध खटल्याला धोका पोहोचतो. अटक आणि कोठडी यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांना आता पाव शतक उलटून गेले आहे. त्यानुसार अटकेचा पंचनामा करावा लागतो, आरोपीच्या अंगावरील जखमांची नोंद घ्यावी लागते आणि कोठडीत असताना ठरावीक अंतराने त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या मालिकांत यातले अवाक्षर नसते.

कबुलीजबाबाच्या या नियमाला जो अपवाद आहे, त्यात तर एका संपूर्ण भागाचे नाट्य दडलेले आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्याच्या निवेदनातील तेवढाच भाग पुराव्यात येतो, ज्याचा त्या शोधाशी थेट संबंध असतो. १९४६ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टया खटल्यात ही मर्यादा आखून दिली आणि आजही प्रत्येक सत्र न्यायालयात तिचा आधार घेतला जातो. ‘सुरा मी माझ्या घराच्या छपरात लपवून ठेवला आहे, तो काढून देतो’ हे वाक्य पुराव्यात राहते. ‘त्याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकले’ हे वाक्य गळून पडते. आता डोळ्यांसमोर आणा. रात्री उशिरा आरोपी बोलू लागतो. नायिकेला ठाऊक आहे की, याक्षणी पंच हजर नसतील तर हे शब्द वाया जातील. म्हणून ती त्याला तिथेच थांबवते, पंच बोलावून घेते, त्यांच्यासमक्ष तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहवून घेते आणि त्यावर सह्या घेतल्यानंतरच गाडी बाहेर काढते. तोवर आरोपीचे मन बदलले तर? जागा आधीच पोलिसांना ठाऊक होती, असा आरोप पुढे न्यायालयात झाला तर? वस्तू कोणालाही सहज दिसेल अशा उघड्या जागी सापडली तर? असे अवघड प्रसंग कायद्यानेच लेखकाच्या हाती दिलेले असताना, नायिकेला गिरणीत एकटी पाठवण्याचे प्रयोजन काय?

पंचनाम्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तपास अधिकाऱ्याची गुणवत्ता सर्वांत आधी तिथे कळते. मालिकांमध्ये घटनास्थळी पिवळी फीत लावलेली असते, छायाचित्रकार दोन-चार वेळा प्रकाश पाडतो आणि नायिका हातमोजे घालून एखादी चमकणारी वस्तू उचलते. प्रत्यक्षात तिथे कोणी तरी मांडीवर पॅड घेऊन लिहीत असते. खोली किती बाय किती, दरवाजा कोणत्या दिशेला, आतली कडी शाबूत की उचकटलेली, मोरी कोरडी की ओली, ओट्यावर कपबशा किती आणि त्यांतील कोणत्या कपात चहा उरलेला, कॅलेंडर कोणत्या महिन्यावर, पंखा चालू की बंद, मृतदेहाचे डोके कोणत्या दिशेला, रक्ताचे डाग भिंतीवर किती उंचीवर, हे सगळे साध्या, ओबडधोबड मराठीत कागदावर उतरते आणि शेवटी ‘येणेप्रमाणे पंचनामा आमचेसमक्ष लिहिला असून तो बरोबर आहे’ असे म्हणून पंच सह्या करतात. चांगला पंचनामा वाचताना ती खोली डोळ्यांसमोर उभी राहते. वाईट पंचनामा कोणत्याही खोलीला लागू पडतो. तो वाचला की, लिहिणाऱ्याने खोलीकडे नीट पाहिलेच नाही, हे न्यायाधीशांच्या आणि वकिलांच्याच काय, आम्हा कर्मचाऱ्यांच्याही ध्यानात येत असे.

एका खून खटल्यात तपास अधिकारी असलेल्या सहायक पोलीस निरीक्षक बाईंचा उलटतपास मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्यांनी पंचनाम्यात लिहिले होते की, घराची वीज तोडलेली असल्याने पंचनामा टॉर्चच्या प्रकाशात करण्यात आला. बचाव पक्षाचे वकील या वाक्यावर तुटून पडले. टॉर्चच्या प्रकाशात भिंतीवरचे एवढे बारीक डाग दिसणे शक्य नाही, सबब पंचनामा पोलीस ठाण्यात बसून, नंतर सवडीने लिहिला, असे त्यांनी सुचवले. आपल्याकडे उलटतपासात अशा सूचनेला नकार देण्याची एक ठरलेली वाक्यरचना आहे आणि बाईंनी तिच्यातच उत्तर दिले, ‘पंचनामा पोलीस ठाण्यात लिहिला, असे म्हणणे खरे नाही.’ वकिलांनी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला. शेवटी बाई शांतपणे म्हणाल्या की, पोलीस ठाण्यात दिवे होते. तिथे बसून लिहिला असता तर टॉर्चचा उल्लेख करण्याचे मला कारण नव्हते. मग सरकारी वकिलांनी फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, स्टेशन डायरी पुढे ठेवली. तीत त्या ठाण्यातून निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ आणि सोबत नेलेल्या दोन टॉर्चची नोंद होती. ज्या वाक्याने खटला पडेल असे वकिलांना वाटत होते, त्याच वाक्याने पंचनाम्याची सत्यता सिद्ध झाली. त्या बाईंच्या अंगावर ना चामड्याचे जाकीट होते, ना त्यांचा आवाज एकदाही चढला. आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्टही जशी दिसली तशी लिहायची, ही त्यांची शिस्त होती आणि अशी शिस्त पडद्यावरच्या एकाही नायिकेत मला अजून दिसलेली नाही.

याच्या उलट प्रसंगही पाहिले. एका खटल्यात जप्त केलेल्या कपड्यांच्या पाकिटावरील लेबलावर पंचांच्या सह्याच नव्हत्या. जप्तीपासून पाकीट कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होते, हे मुद्देमाल रजिस्टरवरून नीट सांगता येईना. त्यातच एक पंच फितूर झाला. रक्तगटाचा अहवाल सरकार पक्षाच्या बाजूचा असूनही त्याचा उपयोग झाला नाही आणि आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. मृताची आई त्या दिवशी न्यायालयात होती. आपल्या मुलाचा खटला नेमका कशामुळे पडला, हे तिला तिथे कोणीही समजावून सांगितले नाही. अशा मालिका अनेक कुटुंबे पाहतात. त्यांतून निदान एवढे जरी लोकांना कळले, की लेबलावरच्या दोन सह्यांवर न्याय अडून राहू शकतो, तरी केवढे काम होईल!

कोणी म्हणेल की, प्रेक्षकाला कागदपत्रांत रस नसतो. मला हे मान्य नाही आणि जगाचा अनुभवही तसा नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘प्राइम सस्पेक्ट’ ही मालिका आली. तिच्यातील जेन टेनिसन ही मुख्य गुप्तहेर निरीक्षक एका पुरुष सहकाऱ्याच्या आकस्मिक मृत्यूनंतर त्याचा अर्धवट तपास हाती घेते आणि तिच्या ध्यानात येते की, मृत स्त्रीची ओळखच चुकीची पटवली गेली आहे. नायिकेचा पहिला विजय हा असा, कागद पुन्हा तपासण्यातून मिळालेला आहे. लेखिका लिंडा ला प्लांट यांनी ही व्यक्तिरेखा जॅकी माल्टन या लंडनच्या पोलीस दलातील प्रत्यक्ष अधिकाऱ्यांच्या अनुभवांवरून उभी केली. त्या पदावर तेव्हा तिथे स्त्रिया अगदी मोजक्याच होत्या. आपल्याकडे १९८९ साली दूरदर्शनवर आलेली ‘उडान’ आठवणारे वाचक पुष्कळ असतील. ती तपासाची मालिका नव्हती, पण कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि नायिकेची भूमिकाही केली, ती आपली थोरली बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य यांचे आयुष्य जवळून पाहून. याच कांचन चौधरी २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि देशात त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २०१९ च्या ‘दिल्ली क्राइम’मधील वर्तिका चतुर्वेदी ही उपायुक्तही एका प्रत्यक्ष महिला अधिकाऱ्याच्या तपासावरून घडवलेली आहे. गुन्हा जिच्यात घडला ती बस शोधण्यासाठी तासन्‌तास सीसीटीव्हीचे चित्रण पाहणारे थकलेले पोलीस त्या मालिकेत दिसतात. तिला २०२० साली उत्कृष्ट नाट्यमालिकेचे आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले. तिन्ही ठिकाणी लिहिणारा माणूस आधी प्रत्यक्ष अधिकाऱ्यांपाशी किंवा त्यांच्या कामापाशी बसला आणि मग त्याने लेखणी उचलली. मुंबईत बसून लिहिणाऱ्यांना तर यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. फोर्टमधल्या सत्र न्यायालयात, किल्ला कोर्टात किंवा दिंडोशीच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसण्यास, बंद दाराआड चालणारे खटले वगळता, कोणालाही मज्जाव नसतो.

तपास अधिकारी स्त्री असल्याने तपासात नेमका काय फरक पडतो, हा प्रश्नही आपल्या मालिका नीट विचारत नाहीत. त्यांच्या लेखी फरक एवढाच की, ती रडते किंवा रडणे आवरते. कायद्याच्या लेखी फरक पुष्कळ आहे आणि त्यातील एका महत्त्वाच्या टप्प्याचा उगम आपल्याच शहरात आहे. १९८२ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले आणि त्या पत्राचीच याचिका झाली. १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, संशयित स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा असावा, स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, अटक झालेल्या व्यक्तीचे अधिकार मराठी, हिंदी आणि इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावावेत आणि शक्यतो महिला न्यायाधीशांनी शहरातील कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. पोलीस ठाण्यात महिला कर्मचारी का हवी, याचे उत्तर मुंबईतील त्या पाच बायकांनी देऊन ठेवलेले आहे. या पार्श्वभूमीवर, पडद्यावरची नायिका जेव्हा एखाद्या संशयित स्त्रीचे केस धरून तिला खुर्चीवरून खेचते आणि दिग्दर्शक ते शौर्य म्हणून दाखवतो, तेव्हा मला अतिशय वाईट वाटते.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हे बंधन म्हणजे कथेला लाभलेले वरदानच आहे. समजा, संशयित स्त्री लालबागच्या एखाद्या चाळीत लपली असल्याची खबर संध्याकाळी आठला आली. आता नायिकेने काय करावे? दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन अपवादात्मक परिस्थिती पटवून द्यावी, की दोन्ही जिन्यांपाशी साध्या वेशातील महिला अंमलदार बसवून पहाटेपर्यंत वाट पाहावी? चाळीत अनोळखी बाया रात्रभर जिन्यात बसल्या, तर शेजारपाजारच्यांना संशय येणार नाही काय? नळाला पाणी येण्याच्या वेळी सगळी चाळ उठली आणि त्या गर्दीत ती निसटली तर? आपले शहर, आपली चाळ आणि आपला कायदा मिळून हे सगळे उभे करतात; बाहेरून काही उसने आणावे लागत नाही. त्याचप्रमाणे साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, अधिकाऱ्याने तिच्या राहत्या जागी जायचे असते. मग नायिका धारावीतल्या माळ्यावरच्या खोलीत शिडीने चढेल, सासू समोर बसलेली असताना सून मोकळेपणी बोलणार नाही हे ताडेल आणि सासूला चहा टाकायला लावून मधल्या पाच मिनिटांत हवे ते विचारून घेईल. तो जबाब ती लिहून घेईल, पण त्यावर त्या सुनेची सही घेणार नाही, कारण पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. मालिकांत मात्र सर्रास सही घेतलेली दाखवतात.

याचबरोबर, नायिकेला केवळ स्त्रिया आणि मुले यांच्यावरील अत्याचारांचेच गुन्हे देण्याची जी प्रथा पडली आहे, तिलाही माझा विरोध आहे. त्या गुन्ह्यांचे गांभीर्य मी रोज ऐकले आहे आणि तिथे महिला अधिकारी असणे अत्यावश्यकच आहे. पण मीरा बोरवणकर यांनी मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे नेतृत्व केले, आणि ते करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. टोळीयुद्ध, खंडणी, बनावट नोटा, पतसंस्थेतील अफरातफर, सायबर फसवणूक अशा गुन्ह्यांच्या तपासातही महिला अधिकारी आहेत. हिशेबाच्या वह्यांतून एखादा लबाड संचालक शोधून काढणारी आर्थिक गुन्हे शाखेतील उपनिरीक्षक आणि ठेवी बुडालेले गिरगावातले निवृत्त ठेवीदार, हा मराठी घरांना किती ओळखीचा विषय आहे!

मुंबईचा भूगोलही नायिकेचा सोबती होऊ शकतो, केवळ समुद्रकिनाऱ्यावर उभी राहून विचार करण्यापुरता तो नसावा. रुळांलगत मृतदेह सापडला की पहिला प्रश्न हद्दीचा. लोहमार्ग पोलिसांनी अपमृत्यूची नोंद केली आणि मग शवविच्छेदनात गळा आवळल्याचे निष्पन्न झाले, तर मृत्यू झाला कुठे, दादरला की कल्याणच्या पलीकडे? खाडीत सापडलेला देह भरतीबरोबर कोठून आला? आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि शून्य क्रमांकाने नोंदवलेला गुन्हा पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. त्या वर्ग होण्यात जाणारा वेळ, दोन ठाण्यांतील कुरबुर आणि तेवढ्यात पुसले जाणारे सीसीटीव्हीचे चित्रण, यांवर सबंध एक मालिका उभी राहील.

नव्या संहितेने तपासाची रीतही बदलली आहे आणि मालिकांना त्याची वार्ता नाही. झडती आणि जप्ती यांचे दृकश्राव्य चित्रण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे आता बंधनकारक आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. यातून बचाव पक्षाला नवे प्रश्न मिळाले आहेत, जसे की चित्रण मध्येच का थांबले, किंवा कागदावरची वेळ आणि चित्रणातील वेळ जुळत का नाही. ज्या पिढीतील अधिकारी कागदी पंचनाम्यावर तयार झाले, त्यांना मोबाइल हातात धरून चालता चालता बोलून नोंद करायची आहे, आणि नव्याने भरती झालेल्या मुलींना ते सहज जमते. वयाने मोठा, अनुभवी हवालदार आणि तंत्रज्ञान जाणणारी तरुण महिला उपनिरीक्षक, या दोघांत एकमेकांकडून शिकण्याचे नाते कसे जुळते, हे मी न्यायालयाच्या व्हरांड्यात पाहिलेले आहे. तो तिला ‘मॅडम’ म्हणतो, ती त्याला आडनावापुढे ‘साहेब’ लावते आणि साक्षीला जाण्यापूर्वी दोघे एकाच फाइलवर वाकलेले असतात. मालिकांत मात्र तो हवालदार एक तर विनोदी असतो किंवा लाचखाऊ.

दोषारोपपत्राची मुदत हे तर आयते घड्याळ आहे. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही, एक साक्षीदार गावी निघून गेला आहे, मोबाइल कंपनीकडून कॉलच्या नोंदींसोबतचे प्रमाणपत्र यायचे आहे, मधेच गणपतीच्या बंदोबस्ताची ड्युटी लागली आहे आणि दिवस चौऱ्याऐंशीवा आहे. गणेशोत्सवात दहा दिवस मुंबईतील तपास अधिकारी रस्त्यावर असतात, हे प्रत्येक मुंबईकर जाणतो. त्या काळात त्यांच्या टेबलावरच्या तपासाचे काय होते, हे कोणी दाखवले आहे काय?

यासाठी माझी आपणास दोन गोष्टींची विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रात अशा मालिकांची परीक्षणे येतात, तेव्हा अभिनय आणि छायाचित्रणाबरोबर तपासाचीही परीक्षा व्हावी; आवश्यक तिथे फौजदारी वकिलांचे किंवा निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचे मत घेऊन, नायिकेने गोळा केलेला पुरावा न्यायालयात टिकला असता की नाही, हे परीक्षकांनी स्पष्टपणे लिहावे. दुसरे असे की, मुंबईत सेवा करून निवृत्त झालेल्या महिला तपास अधिकारी आता पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकींनी एका ओळीनेही आपले अनुभव लिहिलेले नाहीत. चालू खटल्यांची गोपनीयता आणि पीडितांची ओळख सांभाळून त्यांना आपल्या रविवार पुरवणीत लिहिते करावे. ज्यांना लिहिण्याची सवय नसेल त्यांच्याकडून ऐकून शब्दांकन करण्यास मी आनंदाने तयार आहे. लघुलेखनाचा माझा हात अजून चांगला चालतो.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
सत्र न्यायालयातील एक निवृत्त लघुलेखिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई